राजवाडा बघायला जावं का, हे ठरवायचं कसं?

पत्र : आम्ही अनगोळला राहतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी घरची सगळी मिळून एखादा राजवाडा बघून यावा असं मनात आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा आठवीत आहे, मुलगी पाच वर्षांची. कोल्हापूरचा न्यू पॅलेस, सावंतवाडीचा राजवाडा आणि कित्तूर अशी तीन नावं निघाली आहेत. दीर म्हणतात, "म्हैसूर बघून झालंय, आता कोल्हापुरात जाऊन जुन्या खुर्च्या काय बघायच्या? आणि कित्तूरला तर नुसत्या भिंती उरल्यात." दिवस आणि पैसे वाया जाऊ नयेत एवढंच वाटतं. कुठं जावं, की जाऊच नये? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर कोल्हापूरला जा. कित्तूर वेगळ्या दिवशी करा, अर्ध्या दिवसात होतं, पण सासूबाईंना तिथं नेऊ नका. सावंतवाडी मुलांच्या सुट्टीसाठी ठेवा, एका मुक्कामाच्या बेतानं.

दिरांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. राजवाड्यातून हिरमुसून बाहेर पडणारी माणसं असतात आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. बाहेरून एवढी मोठी इमारत दिसते, तेव्हा आतही तेवढंच फिरायला मिळेल असं धरून ती गेलेली असतात. तसं होत नाही. न्यू पॅलेसचा तळमजलाच काय तो संग्रहालय म्हणून उघडा आहे, वर छत्रपती घराण्याचं राहतं घर आहे. सावंतवाडीला दरबार हॉल आणि त्याच्या आसपासचा भाग बघायला मिळतो, वाड्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. कित्तूरला छप्पर नाही, लाकूड नाही, पण मुदपाकखान्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे पाय ठेवता येतो. म्हणजे जो वाडा उभा आहे त्यात वस्तू बघायला मिळतात, आणि जो पडला आहे त्यात घर कसं बांधलं होतं ते कळतं. दोन्ही एका जागी क्वचितच मिळतं. म्हणून "किती भव्य आहे" हे विचारून काही ठरत नाही. "आत काय उघडं आहे आणि आपल्यातलं कोण ते बघणार आहे" असं विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो.

हे घरबसल्या शोधता येतं. फोनवरच्या नकाशात त्या ठिकाणी लोकांनी टाकलेले फोटो उघडा आणि नव्यातले नवे आधी बघा, तीन-चार महिन्यांच्या आतले. सगळे फोटो बाहेरचेच असतील तर आत काही नाही असा अर्थ काढू नका. आत फोटो काढायला मनाई असली की असंच होतं, न्यू पॅलेसचं तेच आहे. उलट आतले फोटो भरपूर आहेत पण सगळे त्याच एका खोलीचे आहेत, तर बाकीची दालनं बंद असण्याचा संभव मोठा. मग एक फोन करा. "चालू आहे का" असं नुसतं विचारलंत तर "चालू आहे" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? दुपारी जेवणासाठी बंद असतं का? शेवटचं तिकीट किती वाजता? सध्या कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का? गाडी लावतात तिथून दारापर्यंत चालणं किती, आणि पायऱ्या किती? शेवटचे दोन प्रश्न सासूबाईंसाठी आहेत आणि तेच विचारायचे राहून जातात.

वेळेचा हिशोबही करा. जाण्याचे दोन तास, येण्याचे दोन तास आणि आत पाऊण तास, असा बेत असेल तर तो वाडा एकटा पुरत नाही. त्याला जोडून आणखी काहीतरी हवं, नाहीतर मुलं परतीच्या वाटेवर "एवढ्यासाठीच आलो?" म्हणतात आणि पुढच्या वेळी कुठल्याच वाड्याला यायला तयार होत नाहीत.

आता कोल्हापूर. न्यू पॅलेसचं बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातलं, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काळा घोटीव दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा, कोपऱ्यांवर घुमट आणि छत्र्या. गाडीतून उतरल्या उतरल्या दाराकडे धावू नका. समोरच्या मोकळ्या जागेत लांब उभे राहून पाच मिनिटं इमारत बघा. गुजरात-राजस्थानच्या मंदिरांतलं नक्षीकाम, मुसलमानी पद्धतीच्या कमानी आणि आपल्याकडच्या वाड्याची ठेवण असं तिन्ही एकाच भिंतीत दिसतं. आठवीतल्या मुलाला सांगा, कुठली कमान कुठून आली ते ओळख. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा मूळ आराखडाही मँट यांचाच. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आणि टाउन हॉल हीही त्यांचीच कामं. गाडी त्या बाजूनं गेली तर मुलाला दाखवा, तो स्वतःहून तुलना करायला लागेल.

आत सगळ्यात महत्त्वाचा दरबार हॉल. दोन मजल्यांएवढी उंची, टोकाला सिंहासन, आणि कमानींत रंगीत काचा, त्यांवर शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंग. रंगीत काच बाहेरच्या उजेडावर जगते. ढगाळ दिवशी किंवा दिवस कलल्यावर गेलात तर तीच काच मळकी वाटते आणि लोक "काही खास नाही" म्हणून पुढं जातात. ऊन स्वच्छ असताना, दुपारच्या आत पोचायचं ते यासाठी. पाच वर्षांच्या मुलीला एकेक काच दाखवत "हे कोण, हे काय करतात" असं विचारत चला, या दालनात ती सहज रमते.

दिरांच्या खुर्च्या आहेतच. हत्यारं आहेत, हत्तीवरचे हौदे आहेत, चांदीचं सामान आहे, पोशाख आहेत, शिकारीचे फोटो आहेत. सगळं बघायला गेलं तर पाऊण तासात डोळे थकतात आणि मग काहीच दिसेनासं होतं. आत शिरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकानं एकेक गोष्ट वाटून घ्यावी: एकानं हत्यारं नीट बघायची, एकानं कापडं, एकानं फोटो. बाहेर आल्यावर आपापलं सांगायचं. आजींना फोटोंची दालनं द्या. जुन्या फोटोंतली नेसण, दागिने, पगड्या ओळखायला घरात त्यांच्याएवढं कोणी नसणार.

एका गोष्टीची मात्र आधी कल्पना देऊन ठेवतो. पेंढा भरलेली जनावरं तिथं पुष्कळ आहेत. वाघ, अस्वल, गवे, काचेचे डोळे लावलेले. वाघाच्या आणि हत्तीच्या पायांपासून केलेल्या वस्तूही आहेत. लहान मुलं कधी कधी घाबरतात, रडतात. मुलीला दारातच सांगा, ही जनावरं खरी होती, आता जिवंत नाहीत, हलणार नाहीत. तरी ती बिचकली तर ते दालन सोडून पुढं निघा, त्यात काही गमावत नाही. मुलाशी मात्र तिथंच थांबून बोला. कोल्हापूर संस्थानात माणसाळवलेले चित्ते काळविटांच्या शिकारीला नेत. त्यासाठीच्या गाड्याही होत्या. आणि आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. एका पिढीला जे शौर्य वाटलं ते पुढच्या पिढीनं कायद्यानं बंद का केलं, हे आठवीतल्या मुलाला कळायला हवं. त्याला पुस्तकापेक्षा ते दालन जास्त उपयोगी पडतं.

शाहू महाराजांचा संदर्भ घरूनच सांगून न्या. ते मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. जन्म २६ जून १८७४ चा, कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसमधला. मार्च १८८४ मध्ये दत्तक गेले, म्हणजे हा वाडा पुरा झाला त्याच वर्षी. राज्याभिषेक २ एप्रिल १८९४ ला झाला. आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. कागल तुमच्या रस्त्यावरच लागतं, गाडी तिथून जाताना सांगायला सुरुवात करा. वाड्यात पोचल्यावर मुलगा भिंतीवरच्या तसबिरींतून शाहू महाराज शोधायला लागेल.

म्हैसूरची तुलना करायचीच तर ती नीट करा. म्हैसूरचा आत्ताचा राजवाडा १८९७ च्या आगीनंतर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावर बांधला आणि १९१२ ला पुरा झाला. तो मोठा आहे, झगमगीत आहे, आणि तिथं माणसं ठरलेल्या वाटेनं पुढं सरकवली जातात. कोल्हापूर त्याच्या आधीचं, आकारानं लहान, आणि वर घरचं कुटुंब अजून राहतं. म्हैसूरसारखं काही बघायला चाललोय असं सांगून घरच्यांना नेलंत तर दीर बरोबर ठरतील. आपल्या मुलखाच्या छत्रपतींचं घर बघायला चाललोय असं सांगून न्या.

दिवसाची आखणी अशी करा. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. काकती, संकेश्वर, निपाणी, कागल असा महामार्ग, वाटेत हत्तरगी आणि कोगनोळी हे दोन टोलनाके. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच बघून ठेवा. सकाळी साडेपाचला निघा. पाच वर्षांच्या मुलीला झोपेतच गाडीत घाला, निपाणीपर्यंत ती उठत नाही. आठच्या आत अंबाबाईच्या देवळात पोचा. राजवाडा बघायला चाललोय आणि देवळात आधी कशाला, असं वाटेल. पण रविवारी नऊ-दहानंतर दर्शनाची रांग वाढत जाते, उन्हानं फरशी तापते आणि अनवाणी पायांनी सासूबाईंचे हाल होतात. दुसरं म्हणजे देवदर्शन राहिलं असेल तर वाड्यात त्यांचं लक्ष लागणार नाही. दर्शन झालं की नाश्ता. मग गावातली गर्दी वाढायच्या आत साडेदहापर्यंत न्यू पॅलेस. तिथं दोन तास पुरे. तळमजलाच बघायचा असल्यानं गुडघ्यांवर ताण येत नाही, पण आत उभं राहणं बरंच होतं. सासूबाईंना मध्ये एकदा बाहेर आणून बसवा, दहा मिनिटं, मग पुन्हा आत. मुलांना वाड्याबाहेरचा मोकळा परिसर आणि तळं आहेच. दुपारी जेवून तीनच्या सुमाराला निघालात तर अंधार पडायच्या आत घरी.

फोनबद्दल मुलाला बजावून ठेवा. आत फोटो नाहीत म्हणजे नाहीत. चोरून काढायला गेला की पहारेकरी सगळ्यांदेखत बोलतो आणि उरलेला दिवस घरच्यांची तोंडं उतरलेली राहतात. वर माणसं राहतात, तेव्हा जिन्याकडे, मागच्या दारांकडे डोकावणं नको. हे सगळ्याच राहत्या वाड्यांना लागू आहे. पुढं कधी गोव्यात चांदोरचं ब्रागांझा घर बघायला गेलात तर तिथं घरचीच माणसं दाखवतात आणि तिकिटाऐवजी देणगी ठेवायची पद्धत आहे. सुटे पैसे हातात ठेवून जावं आणि न मागता ठेवावे.

बसनं जाणार असाल तर आपल्या भागाची एक अडचण ध्यानात ठेवा. सीमाप्रश्नावरून कुठं आंदोलन पेटलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर अडकतात, कधी निपाणीपर्यंतच सोडतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासचा रविवार धरू नका. तुम्ही दिवाळीनंतर म्हणता, तर तारीख बघूनच ठरवा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्या दिवसांत दरबार हॉलमध्ये एका जागी उभंसुद्धा राहता येत नाही. नोव्हेंबरचा शेवट सगळ्यात बरा.

कित्तूरबद्दल "नुसत्या भिंती" हे वाचून वाईट वाटलं. बेळगावहून पन्नासेक किलोमीटरवर, धारवाडच्या रस्त्याला, आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला जिथं इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला ती ही जागा. त्याच वर्षी डिसेंबरात किल्ला पडला, कित्तूरच्या राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच २ फेब्रुवारी १८२९ ला त्या गेल्या. त्यांच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. एवढं डोक्यात असेल तर त्या भिंती बोलतात.

बघायचं कसं ते सांगतो. जमिनीवर ओळीनं बसवलेले दगडी तळखडे शोधा, म्हणजे खांबांच्या बुडाचे दगड. दोन तळखड्यांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या वाड्याचं माप खणांत सांगतात. मुलाला पावलं टाकून एक खण मोजायला लावा आणि मग ओळीतले खण मोजायला लावा, दालन केवढं होतं ते त्याला आपोआप कळेल. भिंती मातीच्या आणि जाड आहेत. वर छप्पर नसेल तर अशी भिंत दर पावसाळ्यात डोक्याकडून झिजत येते. तिच्यावर चढू नका, मुलाला चढू देऊ नका, खालून ती भक्कम दिसली तरी वरची माती सुटलेली असते. जेवणघर, चूल, न्हाणीघर आणि पाणी खेळवलेल्या नळांच्या वाटा बघा.

आणि ध्रुवतारा बघण्यासाठी भिंतीत ठेवलेलं नळीसारखं गोल भोक दाखवतात, तिथं जरूर थांबा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तो कोन म्हणजे त्या जागेचा अक्षांश, हे मुलाच्या भूगोलात आहे. कित्तूरचा अक्षांश साडेपंधरा अंशांच्या जवळ. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला एक लहान नट बांधून न्या आणि नळीचा उतार मोजायला सांगा. पंधरा-सोळाच्या आसपास कोन आला तर त्याला जो आनंद होईल तो कुठल्या खुर्चीनं होणार नाही. आवारातल्या संग्रहालयात मूर्ती, शिलालेख, दरवाजे, हत्यारं आहेत. तिथल्या पाट्या मुख्यतः कन्नड-इंग्रजीत. मुलगा शाळेत कन्नड शिकत असेल तर पाट्या त्यानंच मोठ्यानं वाचाव्यात.

सासूबाईंना नको म्हणतो ते एवढ्यासाठी की बसायला सावली कमी आणि जमीन उंचसखल आहे. पावसानंतर गवत माजतं, म्हणून बंद बूट घाला. उन्हाळ्यात दहाच्या आत किंवा चारनंतरच. बायकांना सध्या कर्नाटकच्या साध्या बसला राज्यात तिकीट लागत नाही, ओळखपत्र जवळ असलं की झालं. फक्त गाडी कित्तूर गावात जाते की महामार्गावरूनच पुढं निघते ते कंडक्टरला चढण्याआधी विचारा. तुम्ही आणि मुलगा दोघंच एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन जेवायला घरी येऊ शकता.

सावंतवाडी एका दिवसात होत नाही असं नाही. शंभराच्या आतबाहेर किलोमीटर, आंबोली घाटातून. पण वाडा तासाभराच्या आत बघून होतो, दुपारी बंद असला तर मोती तलावाच्या काठावर बसून राहावं लागतं, आणि घाटाच्या वळणांनी मुलीला उलट्या झाल्या तर येताना तेच पुन्हा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी आंबोलीत धबधब्याची गर्दी आणि धुकं, तेव्हा तर नकोच. मुक्काम केलात तर मात्र मजा आहे. जांभ्या दगडाचा वाडा, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवत बसलेले असतात. ही कला जवळजवळ संपली होती, ती इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. कामाच्या मध्ये बोलायचं नाही, पण कारागीर कुंचला खाली ठेवतात तेव्हा विचारलेलं त्यांना आवडतं.

दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. पान गोल असतं. एक पान हातात घेऊन तिरकं धरा. हातानं रंगवलेल्या पानावर रंगाचा हलका उठाव दिसतो आणि एकाच रंगातल्या दोन पानांवरच्या आकृत्या अगदी हुबेहूब नसतात. छापील पान सपाट असतं आणि सगळी पानं सारखी. पूर्ण हातरंगाचा डाव महाग पडतो. तेवढं परवडत नसेल तर छापील डावाच्या मागं न लागता हातानं रंगवलेलं एकच पान घ्या, आणि लाकडी फळं, खेळणी चितार आळीत चार दुकानं फिरून, रंग बोटाला लागत नाही ना ते ओल्या रुमालानं पुसून बघून घ्या. पाच वर्षांची मुलगी ती तोंडात घालत नसली तरी घामट हातात दिवसभर धरणार आहे.